धावणाऱ्या कुत्र्याला बसवायचं कसं?

“आठ आठवडे? अगं, हा आठ मिनिटं एका जागी बसत नाही!”

कोथरूडमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मामा आपल्या भाचीला हे सांगत होते. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो चार वर्षांचा, ३४ किलोचा लॅब्रॅडॉर मागचा उजवा पाय अधांतरी धरून दारापाशी उभा होता. शेरूचा दिवस वेताळ टेकडीवर सुरू व्हायचा. तिथेच एका सकाळी पळता पळता तो कळवळला आणि तीन पायांवर घरी आला. तपासणी झाली, एक्स-रे निघाला, गुडघ्यातलं लिगामेंट तुटल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि घरात वाद सुरू झाला, तो मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांवरून.

मामा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या गोठ्यांत त्यांची सगळी नोकरी झाली. भाची शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली आणि आता पुण्यात फक्त कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारी. जनावराला जीव लावणारी ही दोन माणसं, पण शेरूला शांत ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर दोघांचं एकमत होईना. त्यांचं बोलणं मुद्दाम सविस्तर मांडण्याजोगं आहे. कारण मोठं कुत्रं असलेल्या आणि त्याच्या गुडघ्याला इजा झालेल्या प्रत्येक घरात हाच वाद थोड्याफार फरकाने होतो.

“उडी चुकली आणि तुटलं,” मामांचं म्हणणं. “कबड्डी खेळणाऱ्या पोरांचं होतं तसंच. त्यात एवढं काय?”

“पोरांचं चांगलं, धडधाकट लिगामेंट एका झटक्यात तुटतं,” भाची म्हणाली. “कुत्र्यांत बहुतेक वेळा तसं नसतं, मामा. त्याचे तंतू कित्येक महिने आतल्या आत झिजत असतात. उडी नुसती निमित्त होते. म्हणून तर एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे जातो. आपल्याला एकच पाय वाचवायचा नाहीये.”

मग तिने कागदावर गुडघा काढून दाखवला. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग सपाट नसतो, तो मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार साधारण २० ते २५ अंशांचा. त्यावर मांडीचं हाड टेकलेलं असतं. “चढावर बैलगाडी थांबवली की चाकामागे दगड लावतात ना, तो दगड म्हणजे हे लिगामेंट. दगड निघाला की गाडी मागे घरंगळते. शेरूच्या प्रत्येक पावलाला मांडीचं हाड मागे घसरतं आणि नडगी पुढे सरकते. मधली कूर्चेची गादी त्यात चिरडते.”

हा उतार लक्षात आला तशी शस्त्रक्रियेची दिशाच बदलली. फिनलंडमधले पशुवैद्य साकी पात्सामा यांनी १९५२ मध्ये कुत्र्याच्या गुडघ्यावर प्रबंध लिहिला. त्यांनी मांडीवरच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी काढून ती तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवण्याची पद्धत मांडली. नंतरच्या काळात सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा टाका घालण्याची रीत रुळली आणि लहान कुत्र्यांसाठी ती आजही वापरतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले बार्कली स्लोकम यांनी मात्र वेगळा विचार केला. दगड पुन्हा बसवण्यापेक्षा चढच सपाट करावा, असा तो विचार होता. नडगीचं हाड वरच्या टोकाला अर्धगोल कापायचं, तो तुकडा फिरवून उतार पाच अंशांच्या आसपास आणायचा आणि पट्टी व स्क्रूंनी तो पक्का करायचा. १९९३ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया टीपीएलओ या नावाने जगभर पोचली. २००२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये नडगीचा पुढचा उंचवटा आणखी पुढे सरकवण्याची टीटीए ही पद्धत आली. भारतातल्या मोठ्या शहरांत आज या शस्त्रक्रिया होतात.

“म्हणजे डॉक्टर स्वतःच हाड कापणार,” मामा म्हणाले.

“हो. आणि ते हाड जुळायला साधारण आठ आठवडे लागतात. तोवर शेरूचा पाय मोडलेला आहे असंच समजायचं. आठ आठवड्यांचा हिशोब तिथून आलाय.”

मामांना हे पटलं, पण त्यांच्या मनात दुसरा प्रश्न होता. गावाकडे कितीतरी कुत्री लंगडताना त्यांनी पाहिली होती. कुणी कापाकापी केली नाही, पिंजरा आणला नाही. महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा बांधावरून धावायची. मग शेरूचाच एवढा बाऊ कशासाठी?

भाचीने हा अनुभव उडवून लावला नाही. अमेरिकेतले पशुशल्यविशारद फिलिप वॅसर यांनी १९८४ मध्ये शस्त्रक्रिया न केलेल्या ८५ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्री बरी झाली किंवा सुधारली. १५ किलोवरच्या कुत्र्यांत हेच प्रमाण जेमतेम १९ टक्के निघालं. “तुमची गावाकडची कुत्री अंगाने हलकी आणि काटक होती, मामा. त्यांच्या बाबतीत तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. शेरू ३४ किलोचा आहे.”

“म्हणजे मोठ्या कुत्र्याला शस्त्रक्रियेशिवाय गतीच नाही?”

“तसंही नाही.” मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ४० लठ्ठ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं वजन उतरवलं, सगळ्यांना वेदनाशामक आणि व्यायामोपचार दिले. त्यांतल्या काहींवर टीपीएलओ केली, काहींवर केली नाही. वर्षअखेरीला शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांपैकी ७५ टक्के, तर न झालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के कुत्र्यांचा निकाल यशस्वी धरला गेला. शस्त्रक्रियेचं पारडं जड राहिलं, पण वजन आणि शिस्तशीर व्यायाम यांचा वाटाही स्पष्ट दिसला. “एखाद्याचं कुत्रं म्हातारं आहे, भूल झेपणार नाही किंवा खर्च परवडणार नाही, तर त्या घराला हा रस्ता आहे. मात्र त्या रस्त्यावरही पळणं, उड्या मारणं बंदच असतं. विश्रांती दोन्हीकडे चुकत नाही.”

उशीर करण्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी याच मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. पोचायला उशीर झाल्यामुळे तिथल्या डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा स्थिर करावा लागला, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे हा अनुभवही होता.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी शेरू घरी आला, गळ्यात प्लास्टिकचा कोन, पायावर टाके. तीन-चार दिवस तो झोपून होता. पाचव्या दिवशी त्याने दाराची बेल ऐकली आणि उठून धावायला बघितलं.

“बघ, दुखणं संपलं,” मामा म्हणाले.

“दुखणं संपलेलं नाही, औषधाने दबलंय. हाड अजून कच्चंच आहे. हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो. कुत्र्याला बरं वाटायला लागतं, आणि खरं बरं होणं त्याच्या कित्येक आठवडे मागे असतं.”

मग मामांनी जे सुचवलं ते अनेक घरांत मनापासून सुचवलं जातं. “वेदनेची गोळी बंद कर. थोडं दुखलं की आपोआप बसेल.”

इथे भाचीचा आवाज चढला. दुखणारं कुत्रं शांत बसत नाही. ते कूस बदलत राहतं, धापा टाकतं, रात्रभर फेऱ्या मारतं, टाके चाटतं. दुखत असल्यामुळे ते पाय टेकवत नाही आणि न टेकवलेल्या पायाच्या मांडीचे स्नायू भराभर आटतात. स्नायू आटले की गुडघ्याचा आधार जातो, सगळा भार दुसऱ्या पायावर पडतो, आणि त्या पायाचं लिगामेंट आधीच झिजलेलं असू शकतं. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस द्यायचं असतं.

आणि ते कुत्र्याचंच औषध हवं. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंडं निकामी करू शकते. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने देण्याजोगं नाही. डायक्लोफेनॅकचं नाव निघताच मामांनी मान हलवली. हे औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मेली आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तेव्हा ते नोकरीत होते. “एका जनावराचं औषध दुसऱ्याला विष ठरतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय,” ते म्हणाले. या मुद्द्यावर वाद उरला नाही.

पिंजऱ्यावर मात्र मामा हटेनात.

“खांदा आलेल्या बैलाला आम्ही जू लावत नसू. पण त्याला कोंडतही नसू. तो बांधावर मोकळा चरायचा आणि बरा व्हायचा. जनावराला आपलं दुखणं कळतं.”

“बैल मोकळा सोडला की चालतो, मामा. लॅब्रॅडॉर मोकळा सोडला की पळतो. खारूताई दिसली की त्याला गुडघा आठवत नाही.”

“मग कोंडून काय होईल ते मी सांगतो. हा दिवसभर भुंकेल. दार खरवडेल. पायावरची पट्टी फाडेल. पिंजऱ्यात धडका देईल, आणि त्याने गुडघ्याचं जे व्हायचं ते होईलच. साखळीला बांधून ठेवलेली कुत्री कशी पिसाळल्यासारखी होतात ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय.”

हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हताच. रोज सकाळी टेकडीवर तासभर धावणाऱ्या कुत्र्याचं धावणं एका दिवसात शून्यावर आणलं आणि त्या जागी काहीच दिलं नाही, तर ते वेडंपिसं होणारच. बरीच घरं इथेच हरतात. “कुत्र्याला आराम द्या” एवढाच सल्ला घेऊन लोक घरी येतात. चौथ्या दिवशी कुत्र्याचं केविलवाणं रडणं सहन होत नाही आणि दार उघडलं जातं.

भाचीने हे मान्य केलं. “तुम्ही म्हणता तसा नुसता कोंडलेला कुत्रा मलाही नकोय. पण त्याच्या अंगातली रग पायांतूनच जिरते असं नाही. नाकातून जिरते, चघळण्यातून जिरते, डोकं चालवण्यातून जिरते.”

त्याला आधार आहे. शार्लट ड्यूराँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. त्याआधी आणि त्यानंतर सगळ्यांची एक परीक्षा झाली. खाऊ असेल की नसेल याची खात्री नसलेल्या ठिकाणी वाटी ठेवायची आणि कुत्रं तिच्याकडे किती उत्सुकतेने जातं ते पाहायचं. वास घेण्याचा सराव केलेली कुत्री पहिल्यापेक्षा लवकर वाटीकडे गेली. पायाशी चालणाऱ्या गटात असा बदल दिसला नाही. हुंगण्याने कुत्र्याची मनःस्थिती उजळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुखऱ्या गुडघ्याच्या कुत्र्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण हुंगायला पळावं लागत नाही.

म्हणून शेरूची खाण्याची वाटी बंद झाली. त्याचा सगळा आहार कामातून मिळू लागला. जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून टॉवेलची गुंडाळी करायची आणि ती त्याने नाकाने उलगडायची. तीन वाट्या उपड्या ठेवून एकीखाली गाजराचा तुकडा ठेवायचा. पोकळ रबरी खेळण्यात दही, उकडलेला लाल भोपळा आणि भात भरून ते फ्रीजरमध्ये गोठवायचं. ते चाटून संपवायला बराच वेळ लागतो आणि चाटण्या-चघळण्याने कुत्रं निवतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट यांतलं काहीही त्यात जाता कामा नये, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत.

खोलीत खाऊ लपवून तो शोधायला लावण्याचा खेळही झाला, पण पट्टा हातात धरून आणि कुत्र्याला सावकाश चालवूनच. खाऊ नेहमी जमिनीवर ठेवायचा. सोफ्यावर किंवा उंचावर ठेवला तर उडी आलीच.

शांत बसणं हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. वर्तनचिकित्सक पशुवैद्य कॅरन ओव्हरॉल यांनी त्यासाठी १५ दिवसांचा एक अभ्यासक्रम आखला आहे आणि जगभरचे प्रशिक्षक तो वापरतात. कुत्र्याला सतरंजीवर बसवायचं. पहिल्या दिवशी समोर पाच-दहा सेकंद नुसतं उभं राहायचं, तो स्वस्थ राहिला की खाऊचा एक दाणा. मग एक पाऊल मागे जायचं, परत यायचं. मग टाळी, मग दरवाज्यापर्यंत जाणं, मग बेल वाजवणं. प्रत्येक पायरी इतकी लहान असते की कुत्र्याला उठावंसं वाटायच्या आत शाबासकी मिळते. हा धडा शस्त्रक्रियेच्या आधी सुरू केला तर सगळ्यात उत्तम.

हे काम मामांनी अंगावर घेतलं. हातात दाणे, समोर सतरंजी आणि चेहऱ्यावर जनावर ओळखणाऱ्या माणसाची सबुरी. ज्याला ते कोंडायला तयार नव्हते, त्याला बसायला शिकवण्यात ते रमले.

“आणि झोपेची गोळी?” एकदा त्यांनी विचारलं. “ती दिली असती तर हा सगळा खटाटोप कशाला?”

शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला स्वस्थ ठेवण्यासाठी ट्रॅझोडोन हे औषध बऱ्याच ठिकाणी दिलं जातं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या मार्गारेट ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हाडांची शस्त्रक्रिया झालेल्या ३६ कुत्र्यांवरचा अनुभव मांडला. दहांतल्या सुमारे नऊ मालकांनी कुत्रं निवल्याचं सांगितलं. त्याच संशोधकांनी पुढे, २०१७ मध्ये, अधिक कसोशीची चाचणी प्रसिद्ध केली. काही कुत्र्यांना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कुणाला काय दिलंय हे मालकांना ठाऊक नाही. या वेळी दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

“म्हणजे औषध कुचकामी?”

“नाही. काही कुत्र्यांना त्याची खरी गरज असते, विशेषतः भित्र्या आणि घाबरट कुत्र्यांना. मी स्वतः ते लिहून देते. पण गोळीवर विसंबून बाकीचं सोडून दिलं तर चालत नाही. आणि कोणती गोळी, किती, कशाबरोबर, हे डॉक्टरने ठरवायचं.”

खुद्द घरही बदलावं लागतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी अशा कुत्र्याची वैरीण असते. एक पाय घसरला तर ताज्या कापलेल्या हाडावर पिळा बसतो. शेरूच्या वाटेवर जुन्या सतरंज्या, योगासनांच्या चटया आणि पाण्याच्या भांड्याखाली गोणपाट आलं. पंजांमधले लांब केस कापले, नखं काढली. सोफ्यासमोर खुर्च्या आडव्या लावल्या, म्हणजे वर चढायची सोयच राहिली नाही. इमारतीला लिफ्ट असल्यामुळे एक प्रश्न सुटला. जिथे लिफ्ट नाही तिथे पोटाखालून टॉवेलची झोळी घालून मागचा भार उचलावा लागतो आणि मोठ्या कुत्र्यासाठी दोन माणसं लागतात. शक्य असेल तर एवढे आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवलेला बरा.

बेल ही दुसरी अडचण. पार्सलवाल्यांच्या फेऱ्या दिवसभर चालू असतात. दारावर “बेल वाजवू नका, फोन करा” अशी चिठ्ठी लागली. पाहुण्यांना सांगण्यात आलं की आत आल्यावर शेरूकडे पहिली काही मिनिटं बघायचंही नाही. हे पाहुण्यांना जड गेलं, पण शेपूट हलवत उड्या मारणारं स्वागत टळलं.

आवाजाचाही विचार करावा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबरा वेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आश्रयगृहातली कुत्री पाश्चात्त्य अभिजात संगीत चालू असताना जास्त वेळ पडून राहिली, आणि हेवी मेटलने त्यांचं भुंकणं वाढलं. ग्लासगोतल्या संशोधकांना २०१७ मध्ये असंही दिसलं की एकच प्रकार रोज ऐकवण्यापेक्षा संगीतात बदल केलेला बरा. घरात रेडिओ हळू आवाजात चालू ठेवला तर जिन्यावरच्या पावलांचे आवाजही झाकले जातात. गणपती किंवा दिवाळी या आठवड्यांत येत असेल, तर फटाक्यांचं आणि ढोलताशांचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. घाबरलेलं कुत्रं दुखऱ्या पायाची पर्वा न करता पळतं.

पाचव्या आठवड्यात मामांना विहीर आठवली. “गावी नेऊ. विहिरीत पोहू दे. पाण्यात पायावर भार येत नाही, हे तर तुमचं शास्त्रच सांगतं.”

“पाण्यातला व्यायाम चांगला, पण आत्ता नाही आणि विहिरीत तर नाहीच. काठावरून उडी मारेल, पायऱ्यांवर घसरेल, आणि पोहताना तो गुडघा जोरजोराने झाडतो, त्याला आपण आवर घालू शकत नाही. काही केंद्रांत पाण्यातला चालपट्टा असतो. तिथे पाण्याची पातळी आणि वेग दोन्ही माणसाच्या हातात असतात. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिथे नेऊ.”

तोवर जमिनीवरचं चालणं हाच व्यायाम. पहिल्या दोन आठवड्यांत शी-शूपुरती पाच मिनिटं, आखूड पट्ट्यावर. मग डॉक्टर सांगतील त्या बेताने आठवड्याला थोडी थोडी वाढ. चाल मात्र अगदी सावकाश हवी. भरभर चालणारं कुत्रं दुखरा पाय उचलून तीन पायांवर वेळ मारून नेतं. संथ चालीत त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो, आणि टेकवण्यातूनच स्नायू परत येतात. याच फेऱ्यांत शेरूला हवं ते झाड, हवा तो खांब मनसोक्त हुंगू दिला जाई. टेकडीवरच्या तासाभराची भरपाई पंधरा मिनिटांच्या हुंगण्याने पूर्ण होत नसेल, पण घरी येऊन तो झोपत असे.

खाणंही मोजून. पळणं थांबल्यावर आहार तोच ठेवला तर वजन चढतं आणि प्रत्येक किलो गुडघ्यावर बसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले गेले. ज्यांना आपल्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालं ती साधारण १३ वर्षं जगली, पोटभर खाणारी ११ वर्षांच्या थोडी पुढे. सडपातळ कुत्र्यांत सांधेदुखीही उशिरा आली. मामांच्या ताटातला भाकरीचा तुकडा शेरूला मिळणं या आठवड्यांत बंद झालं. हा नियम पाळणं त्यांना सगळ्यात अवघड गेलं, असं घरचे सांगतात.

शेवटी पिंजऱ्याचं काय झालं? भाचीने एक पाऊल मागे घेतलं आणि मामांनीही घेतलं. पिंजरा आला, पण तो रात्रीसाठी आणि घरात कुणी नसतानासाठी. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढा मोठा. खाऊ भरलेलं खेळणं त्यातच मिळायचं, दार आधी उघडं असायचं, आणि शेरू स्वतःहून आत जायला लागल्यावरच ते लागू लागलं. दिवसा मामांनी बैठकीच्या खोलीचा एक कोपरा आडोसा लावून अडवला आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन तिथे बसले. माणूस जवळ असलं की कुत्रं निम्मं शांत होतं, हे त्यांचं मत भाचीनेही मान्य केलं. तिचा आग्रह पिंजऱ्यासाठी कधी नव्हताच. पळणं, उडी, जिना आणि घसरणं या चार गोष्टी होता कामा नयेत, इतकंच तिला हवं होतं.

एक मतभेद उरला. एवढ्या मोठ्या, धावणाऱ्या जातीचं कुत्रं फ्लॅटमध्ये आणूच नये, असं मामा अजूनही म्हणतात. भाचीला वाटतं, कुत्र्याच्या रोजच्या दिवसात नाकाला आणि डोक्याला काम असेल तर फ्लॅटमध्येही ते सुखाने राहतं. हा वाद या घरापुरता मिटलेला नाही.

ज्यांच्या घरात असं कुत्रं आहे त्यांना एवढीच विनंती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की ऑपरेशनच्या खर्चाबरोबर पुढच्या आठ आठवड्यांचीही चौकशी करा. वेदनेचं औषध किती दिवस चालेल, चालणं कोणत्या आठवड्यात किती वाढवायचं, तपासणीचा एक्स-रे कधी काढायचा, शांत ठेवायला औषध लागलं तर कोणतं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सतरंज्या आधी अंथरा, पिंजऱ्याची आणि शांत बसण्याची सवय आधी लावा, घरातलं कोण कोणत्या वेळी कुत्र्याजवळ असेल ते ठरवा. पाय टेकवणारं कुत्रं अचानक पुन्हा पाय उचलून धरू लागलं, जखम सुजली किंवा तिच्यातून पाणी आलं, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत, कुत्रं कितीही ठणठणीत दिसलं तरी, पट्टा सोडू नका.